सुट्टीचं तिकीट: आजोळ, शाळा आणि लांबच्या विमानभाड्याचा इतिहास



डिसेंबर लागलाय, धानाची मळणी बहुतेकांची आटोपलीय, म्हणून आज एवढी गर्दी जमली याची आम्हाला कल्पना आहे. मागच्या व्याख्यानात आपण गोंदिया-नागभीडच्या छोट्या लाइनीबद्दल बोललो होतो. तेव्हा शेवटी एका आजोबांनी उठून विचारलं होतं, 'छोट्या लाइनीचं ठीक आहे, पण माझी नातवंडं ज्या विमानानं येतात, त्याचं भाडं सुट्टीतच का चढतं ते सांगा.' तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. घरी गेल्यावर वाटलं, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. आजचं व्याख्यान त्याचंच उत्तर आहे. आजोबा समोरच बसलेत.

त्यांची अडचण आधी सांगतो, त्यांची परवानगी घेतली आहे. मुलगा टेक्सासात, मुलगी न्यू जर्सीत. दोघांना मिळून चार मुलं. सहा वर्षांत ही चारही नातवंडं गोरेगावच्या घरात एकाच वेळी आलेली नाहीत. मुलाचे लोक आले तर मुलीचे येत नाहीत. कारण विचारलं की दोन्हीकडून एकच उत्तर: 'बाबा, शाळा आणि तिकीट.'

या दोन शब्दांची गाठ कशी पडली, ते पाहू.

लांबचा प्रवास आणि शाळेची सुट्टी यांचा संबंध आपल्या देशात विमानाच्या आधीचा आहे. इंग्रज अधिकाऱ्यांची मुलं सहा-सात वर्षांची झाली की त्यांना 'होम'ला, म्हणजे इंग्लंडला शाळेत पाठवत. आई-बाप इथे, जबलपूरला नाही तर नागपूरला. मुलं तिकडे बोर्डिंगात. सुएझ कालवा १८६९ साली खुला झाल्यावर मुंबई-लंडन प्रवास बराच आखडला, तरी जायला दोन-तीन आठवडे आणि यायला तितकेच. सहा आठवड्यांच्या सुट्टीत मूल इकडे येऊन परत जाणार कसं? त्यामुळे ती मुलं वर्षानुवर्षं आईला भेटत नसत. उलट आईच मार्च-एप्रिलमध्ये, इथला उन्हाळा तापायच्या आत, बोटीनं निघायची. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर या दिवसांत बर्थ मिळणं मुश्कील. महिनोन्‌महिने आधी जागा राखून ठेवावी लागे. म्हणजे हंगाम तेव्हाही होता. फक्त तो हंगाम हवामानाचा होता, शाळेच्या घंटेचा नव्हता.

विमान आलं आणि हे गणित उलटलं. जे अंतर कापायला तीन आठवडे लागत, ते दोन दिवसांवर आलं, मग एका दिवसावर. आता मूल सुट्टीत येऊ शकत होतं. १९५० च्या दशकात परदेशी नोकरीवर असलेल्या ब्रिटिश कुटुंबांची मुलं शाळा सुटली की विमानात बसून आई-बापांकडे जाऊ लागली. बीओएसी ही त्यांची सरकारी विमानकंपनी. तिच्या सुट्टीतल्या या खेपांना लोक गमतीनं 'लॉलीपॉप स्पेशल' म्हणत, कारण विमानभर पोरंच पोरं. १९५७ मध्ये तिनं मुलांसाठी 'ज्युनिअर जेट क्लब' काढला. प्रत्येकाला एक वही मिळायची, त्यात आपण किती मैल उडालो ते लिहायचं आणि कॅप्टनची सही घ्यायची. ती वही आजही काही म्हाताऱ्या इंग्रजांच्या कपाटात सापडते.

या खेपा किती नेहमीच्या झाल्या होत्या, हे एका वाईट प्रसंगावरून कळतं. ९ सप्टेंबर १९७० रोजी मुंबईहून बहारीन, बैरूतमार्गे लंडनला निघालेलं बीओएसीचं विमान बहारीन सोडल्यावर पळवलं गेलं आणि जॉर्डनच्या वाळवंटात उतरवलं गेलं. त्यात सुट्टी संपवून शाळेकडे परत निघालेली, सोबत मोठं माणूस नसलेली बरीच मुलं होती. मुलं पुढे सुखरूप सुटली. तारीख लक्षात घ्या. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, म्हणजे इंग्लंडातल्या बोर्डिंग शाळा उघडण्याची वेळ. विमानातल्या मुलांची संख्या शाळेच्या तारखेनं ठरवली होती.

आता भाड्याकडे येतो. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. विमानाचं नाव 'मलबार प्रिन्सेस'. जाहिरातीत भाडं छापलं होतं: १,७२० रुपये. दर मंगळवारी विमान, भाडं १,७२० रुपये. त्या काळी ही रक्कम मोठीच. आपल्या भागातल्या शेतकऱ्याच्या कल्पनेबाहेरची. पण आम्हाला दुसरीच गोष्ट दाखवायची आहे. ते भाडं छापता येत होतं. वर्तमानपत्रात छापलं आणि महिनाभरानं कुणी वाचलं, तरी आकडा तोच. आज कुठल्या विमानकंपनीला विचारा, 'लंडनचं भाडं किती?' ती उलट विचारेल, 'कधी जाणार? कधी परतणार? किती जण?'

तेव्हा एकच भाडं का होतं? कारण ते बाजारात ठरत नव्हतं, बैठकीत ठरत होतं. एप्रिल १९४५ मध्ये क्युबातल्या हवाना शहरात विमानकंपन्यांनी आयाटा ही संघटना स्थापन केली. तिच्या परिषदांत कंपन्या एकत्र बसून भाडी ठरवत आणि सरकारं त्यांना मान्यता देत. ठरलेल्या आकड्याखाली तिकीट विकणं हा नियमभंग. बरं, भाडं सारखं असल्यावर चढाओढ कशात करायची? तर जेवणात. १९५८ साली अटलांटिकवर स्वस्त 'इकॉनॉमी' वर्ग सुरू झाला तेव्हा ठरलं की या वर्गाला फक्त साधं, थंड सँडविच द्यायचं. स्कँडिनेव्हियाच्या कंपनीनं पावाच्या तुकड्यावर मांस, मासे, भाज्या अशा भरपूर रचल्या की ते जेवणच झालं. पॅन अ‍ॅमनं तक्रार केली, सँडविच कशाला म्हणायचं यावर सुनावणी झाली आणि दंड झाला. हसू येतं, पण त्या काळी भाड्यात एक पैसा इकडचा तिकडे करता येत नव्हता, म्हणून भांडण पावावर आलं.

अगदीच एक भाडं होतं असंही नाही. हंगामी भाडी आयाटाच्या तक्त्यातही होती. अटलांटिकवर पूर्वेकडे जाणाऱ्यांचा गर्दीचा हंगाम वेगळा धरत, पश्चिमेकडे जाणाऱ्यांचा वेगळा. कारण अमेरिकन माणूस उन्हाळ्याच्या सुरुवातीला युरोपात जातो आणि शेवटी परततो. ही दिशेची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे आजोबांच्या कामी येणार आहे. पण तो तक्ता छापील होता, वर्षभर आधी सगळ्यांना ठाऊक असायचा.

आपल्याकडून तेव्हा जातच कोण होतं म्हणा. परदेशाचं तिकीट काढायलाही रिझर्व्ह बँकेचा 'पी फॉर्म' लागे, आणि बरोबर न्यायला परकीय चलन हातावर मोजून मिळे. अमेरिकेनं १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला, तेव्हा आपले डॉक्टर-इंजिनिअर तिकडे गेले. त्या पिढीनं गावी यायला चार-चार, पाच-पाच वर्षं लावली. सुट्टीचा हंगाम स्वस्त की महाग हा विचारच नव्हता. पैसे साठले की यायचं.

बदल १९७० च्या दशकात झाला, आणि तो आधी कागदावर झाला. मोठी जेट विमानं आली होती. एअर इंडियाचं पहिलं जम्बो, 'एम्परर अशोक', १९७१ चं. एवढ्या खुर्च्या भरायच्या कशा? बीओएसीनं एकवीस दिवस आधी तिकीट घेणाऱ्याला स्वस्त भाडं देऊन पाहिलं. लगेच पेच पडला. स्वस्तातल्या खुर्च्या किती विकायच्या? फार विकल्या तर शेवटच्या आठवड्यात पूर्ण पैसे मोजणारा दारातून परत जाईल. कमी विकल्या तर खुर्च्या रिकाम्या उडतील.

या पेचावर त्याच कंपनीतल्या केन लिटलवूड या माणसानं १९७२ साली एक नियम मांडला. तो इतका साधा आहे की आपण इथे बसून करू. समजा महाग तिकीट एक लाखाचं, स्वस्त साठ हजारांचं. एक खुर्ची उरली आहे आणि साठ हजारवाला समोर उभा आहे. त्याला द्यायची का? लिटलवूड म्हणतो, स्वतःला विचारा: एक लाखवाला येण्याची शक्यता शंभरात किती? साठापेक्षा जास्त असेल तर थांबा, खुर्ची राखून ठेवा. कमी असेल तर देऊन टाका. बस्स, एवढंच. आज जगभरच्या विमानकंपन्यांची जी संगणकं क्षणाक्षणाला भाडं बदलतात, त्यांच्या मुळाशी हाच हिशेब आहे. आपला तांदळाचा व्यापारी हे मनातल्या मनात करतोच. भाव चढेल याची खात्री असेल तर तो पोती काढत नाही.

आता या नियमात शाळेची सुट्टी घाला. फेब्रुवारीच्या मंगळवारी एक लाखवाला येण्याची शक्यता शंभरात वीस. म्हणून साठ हजारवाल्याला खुर्ची मिळते. जूनच्या तिसऱ्या शनिवारी, न्यू जर्सीतल्या शाळा सुटतात त्या आठवड्यात, ती शक्यता शंभरात नव्वद. म्हणून स्वस्त भाडं त्या तारखेला बंदच. विमान तेच, इंधन तेवढंच, अंतर तेवढंच. कंपनीनं भाडं 'वाढवलं' असं आपण म्हणतो. खरं तर स्वस्त खुर्च्यांचं दार त्या दिवशी उघडलंच नाही.

आणि त्या तारखेला हमखास येणारा एक लाखवाला कोण? ज्याला तारीख बदलता येत नाही तो. सुरुवातीला हे गणित साहेब लोकांसाठी होतं. कंपनीच्या कामानं जाणारा, उद्याच जायचंय म्हणणारा, त्याच्याकडून जास्त घ्यायचं. म्हणूनच स्वस्त तिकिटाला 'शनिवारची रात्र तिकडे काढलीच पाहिजे' अशी अट असायची. कामाचा माणूस शुक्रवारी घरी परततो, सहलीचा माणूस शनिवार-रविवार राहतो. अटीनं दोघे आपोआप वेगळे व्हायचे. पण तारीख न बदलता येणारा दुसराही एक जण आहे, आणि त्याचा खर्च कुठली कंपनी देत नाही: शाळेत जाणाऱ्या मुलांचे आई-बाप. साहेबासाठी विणलेल्या जाळ्यात हा मासा आपोआप सापडला, आणि त्याच्या येण्याची तारीख तर शाळा वर्षभर आधी छापून देते.

पुढचा इतिहास थोडक्यात. १९७७ मध्ये फ्रेडी लेकर यानं लंडन-न्यूयॉर्क 'स्कायट्रेन' काढली, एकमार्गी ५९ पौंड. १९७८ मध्ये अमेरिकेनं देशातली भाडी मोकळी केली. १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं संगणकाच्या जोरावर त्याच विमानात अगदी स्वस्त आणि अगदी महाग खुर्च्या शेजारी-शेजारी विकल्या. पीपल एक्सप्रेस ही स्वस्त कंपनी दोन वर्षांत संपली. तेव्हापासून भाडं छापणं बंद झालं.

आपल्या सरकारचं म्हणाल तर १९३७ च्या विमान नियमांतल्या १३५ व्या नियमाप्रमाणे भाडं कंपनीनं ठरवायचं, ते 'वाजवी' असावं एवढीच अपेक्षा. कोविडच्या काळात, मे २०२० ते ऑगस्ट २०२२, देशांतल्या विमानांना भाड्याची खालची-वरची मर्यादा होती. 'उडान' योजनेत तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांची मर्यादा घालून २०१७ मध्ये विमानं सुरू झाली. परदेशच्या सुट्टीतल्या भाड्याला मात्र अशी मर्यादा कधी नव्हती. केरळचे खासदार आखातातल्या सुट्टीच्या भाड्याबद्दल संसदेत अनेकदा बोलतात. त्यांचं दुःख आपल्यापेक्षा मोठं आहे. भारत आणि दुबई यांच्यात कुणी किती खुर्च्या उडवायच्या याचा करार आहे, आठवड्याला प्रत्येक बाजूला सुमारे ६६ हजार. तिथल्या शाळा जुलै-ऑगस्टमध्ये बंद झाल्या की सगळे एकदम निघतात आणि खुर्च्या करारापलीकडे वाढत नाहीत.

(इथे मागून एक प्रश्न आला: आपल्या बिरसीला विमानतळ आहे ना, त्याचा काही उपयोग?)

बिरसीवर थोडं बोलायलाच हवं. धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. मग अनेक वर्षं ती नुसती पडून. पुढे तिथे वैमानिक तयार करणारी संस्था आली, आणि आपल्या डोक्यावर दिवसभर लहान विमानं घिरट्या घालू लागली. प्रवाशांचं विमान मात्र १३ मार्च २०२२ ला आलं: इंदूर-गोंदिया-हैदराबाद. काही महिन्यांत ते थांबलं. १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या कंपनीनं गोंदिया-हैदराबाद-तिरुपती सुरू केलं. हैदराबादहून आखात आणि युरोपकडे विमानं आहेत, तेव्हा कागदावर बिरसी ते न्यूयॉर्क हा प्रवास शक्य झाला. पण लहान गावच्या सेवेचं वेळापत्रक ऋतूसारखं बदलतं. सहा महिन्यांनंतरच्या परदेशी तिकिटाची कडी त्यावर अडकवू नका. आपला खरा दरवाजा अजून नागपूरच. तेही जुनं ठिकाण. १९४९ पासून रात्रीची टपाल-विमानं दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारही दिशांनी मध्यरात्री नागपूरला येत, थैल्यांची अदलाबदल करून पहाटे परतत. देशाच्या पत्रांचा मध्य आपल्यापासून रेल्वेनं अवघ्या सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर होता. परदेशी विमान मात्र मोजकंच मिळालं, शारजाचं आणि २०१५ च्या डिसेंबरपासून दोहाचं. बाकी सगळ्यांना विदर्भ एक्सप्रेस आणि मुंबई.

आता शाळेच्या बाजूनं पाहू, कारण भाड्याची बाजू आपल्या हातात नाही.

शाळेची सुट्टी कोण ठरवतं? इंग्लंडमध्ये २०१३ पासून मुख्याध्यापकांना अपवादात्मक कारणाशिवाय सत्राच्या मध्ये रजा देता येत नाही. जॉन प्लॅट नावाच्या बापानं एप्रिल २०१५ मध्ये मुलीला शाळा चालू असताना फ्लोरिडाला नेलं. मुलीचे सात दिवस बुडाले. साठ पौंडांचा दंड झाला, त्यानं भरला नाही. तो दुप्पट झाला, तरी भरला नाही. खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ६ एप्रिल २०१७ ला निकाल त्याच्या विरुद्ध लागला. 'नियमित हजेरी' म्हणजे शाळेच्या नियमाप्रमाणे हजेरी, असा अर्थ न्यायालयानं लावला. तिथले बरेच पालक आजही हिशेब करतात, की दंड भरून सत्रात गेलं तरी सुट्टीच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडतं. आम्ही हा सल्ला देत नाही. पण दंडापेक्षा भाड्यातला फरक मोठा व्हावा, यात काहीतरी चुकतंय एवढं म्हणू.

जर्मनांनी वेगळं केलं. सगळे प्रांत एकदम सुटले तर रस्ते, रेल्वे, समुद्रकिनारे तुंबतात, म्हणून १९६४ च्या हॅम्बुर्ग करारानं प्रांतांच्या उन्हाळी सुट्ट्या पुढेमागे केल्या. कुणाची जूनच्या शेवटी सुरू होते, बव्हेरियाची सप्टेंबरपर्यंत चालते. फ्रान्समध्ये हिवाळ्याच्या आणि वसंताच्या सुट्टीसाठी देशाचे अ, ब, क असे तीन विभाग आहेत. गर्दी पसरली की भाडंही थोडं पसरतं.

आणि मंडळी, आपल्याकडे हे कुणी न ठरवता झालेलं आहे. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि विदर्भातल्या नंतर. २०२५ मध्ये उर्वरित राज्यात १६ जूनला, विदर्भात २३ जूनला. कारण एकच, ऊन. आपला भाग १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, मुंबईच्या पंचांगाशी आपलं कधी जमलंच नाही. मुंबईत मृगाचा पाऊस सुरू झालेला असतो तेव्हा आपल्याकडे अंगण तापलेलं असतं. हा जो एक-दोन आठवड्यांचा फरक आहे, तो आजोबांच्या उपयोगाचा आहे. कसा ते पाहा.

टेक्सासातल्या बऱ्याच शाळा मेच्या अखेरीस सुटतात आणि ऑगस्टच्या मध्याला उघडतात. न्यू जर्सीत शाळा जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालते आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर, म्हणजे त्यांच्या कामगारदिनानंतर उघडते. म्हणजे टेक्सासची नातवंडं जूनच्या पहिल्या आठवड्यात आली तर त्यांना गोरेगावची चुलत-आते भावंडं तीन आठवडे मोकळी सापडतात. आंबे असतात. उन्हात पोरं खेळतील का, हा प्रश्न आहे, पण बोडीत डुंबतील. न्यू जर्सीची नातवंडं येईपर्यंत इथल्या शाळा उघडलेल्या. आणि दोन्ही कुटुंबं एकत्र यायची तर सामाईक काळ उरतो जूनचा शेवट ते ऑगस्टचा पूर्वार्ध. भाडं सगळ्यात चढलेलं, आणि घरात रोवणी. सकाळी सहाला सगळं घर बांधीत. पऱ्हे काढायचे, चिखलणी, मजूर सांभाळायचे. आजी पोरांना खाऊ घालणार की मजुरांची न्याहारी पाहणार? आजोबा मघाशी म्हणाले ते आम्हाला फार खरं वाटलं: 'पोरं अमेरिकेतून येतात आणि ओसरीवर मोबाइल पाहत बसतात, कारण आम्ही कुणी घरीच नसतो.'

विमानकंपनीच्या गणितात रोवणी नाही. तिच्या दृष्टीनं जुलै म्हणजे सुट्टी.

आता स्वस्त कसं मिळेल याबद्दल. जादू नाही, पण गणित कळलं की फटी दिसतात.

पहिली फट सुट्टीच्या कडेची. शाळा सुटते त्या शुक्रवार-शनिवारी निघू नका. पुढच्या मंगळवार-बुधवारी स्वस्त खुर्ची उघडी असण्याची शक्यता जास्त. चार दिवस सुट्टी गेली, पण चौघांच्या कुटुंबाला तो फरक एका तिकिटाइतका पडू शकतो. परतीचंही तसंच. आणि ऑगस्टमध्ये इथून अमेरिकेकडे जाणारी विमानं आपल्याच विद्यार्थ्यांनी भरलेली असतात, कॉलेजं सुरू होतात म्हणून. टेक्सासच्या लोकांनी जुलैच्या मध्याला परतावं, ऑगस्टच्या दहा तारखेला नव्हे.

दुसरी, दिशेची. मघाचा तक्ता आठवा. बऱ्याच भाड्यांत हंगाम ठरतो तो निघण्याच्या तारखेवरून आणि निघण्याच्या देशावरून. नातवंडांनी इकडे येणं आणि आजी-आजोबांनी तिकडे जाणं यांचे हंगाम सारखे नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथून जाणाऱ्याला शाळा आडवी येत नाही. धान विकलेलं असतं, उन्हाळी धान ज्यांच्याकडे नाही त्यांची शेतं मोकळी असतात. टेक्सासात मार्चच्या मध्याला आठवड्याची सुट्टी असते, न्यू जर्सीत बहुतेक ठिकाणी एप्रिलमध्ये. दोन तिकिटांत चारही नातवंडं भेटतात, आठ तिकिटांची गरज नाही. व्हिसाची मुलाखत मात्र आधी. तिथे महिने जातात.

तिसरी फट विमानतळाची. नागपूर, हैदराबाद, मुंबई, दिल्ली, चारही तपासा. पण मुंबईपर्यंत वेगळं तिकीट आणि पुढे वेगळं घेतलं, तर गाडी उशिरा आल्यावर पुढची विमानकंपनी तुम्हाला ओळखत नाही. हा अनुभव आम्ही घेतलाय. एका जूनमध्ये आमची गाडी पाच तास उशिरा पोचली आणि चार माणसांची तिकिटं वाया गेली. तेव्हापासून रेल्वेनं जायचं तर एक दिवस आधी. मुंबईतल्या नातेवाइकाकडे एक रात्र, जेवणासकट. एकाच तिकिटात नागपूर ते न्यूयॉर्क असेल तर ती जबाबदारी कंपनीची, आणि सामानही शेवटपर्यंत जातं. पाच-सात हजारांचा फरक असेल तर आम्ही एकाच तिकिटाच्या बाजूनं आहोत.

थेट विमानाचा हट्ट सोडावा. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद झालं, त्यामुळे दिल्लीहून पश्चिमेकडचे मार्ग लांबले. एक थांबा घेऊन जाणाऱ्या कंपन्यांकडे सुट्टीतही खुर्च्या जास्त असतात. मुलं दमतात हे खरं.

आणि कधी घ्यायचं? सुट्टीच्या तारखांसाठी 'शेवटी स्वस्त होईल' हे विसरा. लिटलवूडचा हिशेब आठवा, महाग माणूस येणारच आहे हे कंपनीला ठाऊक आहे, ती शेवटी का उतरवेल? जूनसाठी आत्ता, डिसेंबर-जानेवारीत पाहायला लागा. फेब्रुवारीसारख्या ओस महिन्यात थोडं थांबता येतं.

नाताळबद्दल एक बाई विचारत होत्या. नाताळच्या सुट्टीत दोन्ही कुटुंबं मोकळी असतात, पण जेमतेम दहा-बारा दिवस, त्यातले तीन प्रवासात, आणि भाडं वर्षातलं सगळ्यात कडक. ज्यांना जमेल त्यांनी २० डिसेंबरऐवजी नाताळच्याच दिवशी निघून पाहावं. त्या दिवशी लोक घरी जेवायला बसलेले असतात, विमानात खुर्ची सापडते.

दिवाळी आम्ही मोजत नाही. तिकडे सुट्टी नाही आणि इथे कापणी.

आता आजोबांचं. आमच्या मते चारही नातवंडं एकदम, हा हट्ट यंदा सोडावा. टेक्सासवाल्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात यावं, आंबे खावेत, रोवणी तोंडावर आली की जावं. न्यू जर्सीकडे आजी-आजोबांनी पुढच्या एप्रिलमध्ये जावं. ते तयार नाहीत, चेहऱ्यावर दिसतंय. त्यांचं म्हणणं, घरातले फोटो वेगवेगळे लागतील. बरोबर आहे. तिकिटाच्या हिशेबात तो रकाना नाही.

पण टेक्सासच्या धाकट्या नातीबद्दल एक गोष्ट त्यांना सांगायची राहिली होती. ती १९ जुलैला दोन वर्षांची होते. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसलं तर साधारण मोठ्या माणसाच्या भाड्याचा दहावा हिस्सा लागतो. दोन पूर्ण झाली की स्वतःची खुर्ची आणि लहान मुलाचं भाडं. वय मोजतात ते प्रवासाच्या दिवसाचं, आणि परतीचं विमानही त्यात धरतात. म्हणजे परतीची तारीख १८ जुलै किंवा त्याआधीची हवी. आजोबा, लिहून घ्या. पेन आहे का? द्या रे कुणी त्यांना पेन.